वॉनच्या नाण्यांवरील धान आणि सारस

व्यापार वा पर्यटनाच्या निमित्ताने दक्षिण कोरियास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांना पहिला संभ्रम पडतो तो तेथील पैशाचा. साध्या जेवणाचे बिल दहा हजारांचे पाहून छाती दडपते. वास्तविक भिण्याचे कारण नाही. कोरियाचे चलन वॉन. अलीकडच्या दराने एका रुपयास सुमारे १६ वॉन पडतात. म्हणजे दहा हजार वॉनचे साधारण सव्वासहाशे रुपये झाले. पैशांसारखे सुटे भाग तेथील रोजच्या व्यवहारात उरलेले नाहीत.

मोजण्याची रीत मात्र ध्यानात घ्यावी. आपण हजारावरून लाखावर जातो. कोरियन माणूस दहा हजारांचे एक माप धरतो आणि त्यास ‘मान’ म्हणतो. आपला एक लाख म्हणजे त्यांचे दहा मान. घाऊक भाव ठरविताना आकडा तोंडी न ठेवता लिहून घ्यावा, कारण एका शून्याने सौदा दसपट बदलतो.

नोटा चार आहेत : १,०००, ५,०००, १०,००० व ५०,००० वॉनच्या. दहा हजारांच्या नोटेवर कोरियन लिपी घडविणारा राजा सेजोंग आहे. पाच हजारांच्या नोटेवर विद्वान यी ई, तर २००९ साली निघालेल्या पन्नास हजारांच्या नोटेवर त्यांच्या माता, चित्रकार शिन सायमदांग. माता आणि पुत्र दोघेही नोटांवर असावेत, हे कौतुकास्पद होय. वडीलधाऱ्यांना पैसे देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करण्याची तेथे पद्धत आहे.

नाणी १०, ५०, १०० आणि ५०० वॉनची. दहाच्या नाण्यावर बौद्ध मठातील दगडी स्तूप, तर शंभराच्या नाण्यावर सेनापती यी सुन-शिन आहेत. गोंदियाच्या माणसाची नजर मात्र उरलेल्या दोन नाण्यांवर खिळते. पन्नासच्या नाण्यावर धानाची लोंबी आहे आणि पाचशेच्या नाण्यावर उडता क्रौंच!

हे क्रौंच हिवाळ्यात कोरियाच्या चोरवन भागातील शेतांत उतरून कापणीनंतर सांडलेले दाणे टिपतात. आपला सारस त्याच कुळातला. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे आणि धानाच्या बांधीत घरटे करतो. कीटकनाशके आणि विजेच्या तारा त्याच्या जिवावर उठल्या आहेत.

आपल्यातील अनेकांच्या राईस मिल आहेत, धानाची अडत आहे. माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याशी भावाची बोलणी करतानाच त्याच्या बांधीतील सारसाच्या घरट्याचीही चौकशी करावी. घरट्याभोवतीचे धान त्याने न कापता, न फवारता सोडले, तर तेवढ्या धानाचे मोल आपण द्यावे. संघाच्या जीवदया खात्यातून पांजरपोळास जशी रक्कम जाते, तशी ती या बांधीपर्यंतही जाऊ शकते.