बाळापूर : किल्ला, छत्री आणि बुजलेले माग

अकोल्याहून खामगावकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले की पाऊण तासात बाळापूर येते. अंतर २५-२६ किलोमीटर. इथे उतरणारा माणूस बहुधा कामाचा असतो. कुणाला दाखला पाहिजे असतो, कुणाची कोर्टात तारीख असते. नुसते पाहायला म्हणून कुणी उतरत नाही. शेगाव-खामगावकडे जाणारे खिडकीतून किल्ल्याच्या भिंती पाहतात आणि पुढे जातात. वाचक बंधू-भगिनींनो, मागच्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली पाच कुटुंबे ठरवून इथे उतरली. सोबत भाकरी, ठेचा, पिठले आणि पोरेसोरे. दिवस कसा गेला ते कळले नाही.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला उभा आहे. म्हशीला काही जण महेश म्हणतात. पावसाळ्यात नद्या भरल्या की जवळजवळ चहूबाजूंनी पाणी होते. आतला कोट पाचकोनी, बाहेरचा दहाकोनी, प्रत्येक कोपऱ्यावर बुरूज. एकामागे एक तीन दरवाजे लागतात. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा इथे राहत असे. त्याच्या नावाने सुरुवात सांगितली जाते, आणि काम पूर्ण केले ते एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली. पक्क्या विटेचे काम पाहून आमच्यातले एक गवंडी बंधू भिंतीला हात लावून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, असा दर्जा आता ठेकेदाराला परवडत नाही. किल्ल्यात बरीच वर्षे सरकारी कचेऱ्या होत्या. नवाबाच्या तीन दरवाजांतून आत जाऊन शेवटी शिक्क्यासाठी रांगेत उभे राहायचे, ही गंमत आम्हा कारकून लोकांनाच नीट कळेल. किल्ल्याच्या दक्षिणेला बाळादेवीचे देऊळ आहे. गावाचे नाव त्यावरून पडले असे सांगतात.

इतिहासाच्या पुस्तकात बाळापूर येते ते १७२० च्या लढाईमुळे. त्या साली ऑगस्टमध्ये निजाम-उल-मुल्काने इथे आलमअलीखानाचा पराभव केला. आलमअलीच्या बाजूने मराठ्यांची फौजही होती. तीत दमाजी गायकवाड यांनी पराक्रम केला आणि त्यांना 'समशेर बहादूर' हा किताब मिळाला. त्यांचे पुतणे पिलाजी यांनी पुढे गुजरातेत गायकवाडांचे राज्य उभे केले. त्याच बडोद्याच्या गादीवरच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. ओढूनताणून संबंध लावतो असे कुणी म्हणेल. पण मुलांना सन पाठ करायला सांगण्यापेक्षा हे सांगितलेले त्यांच्या ध्यानात राहते, असा आमचा अनुभव आहे.

गावाच्या दक्षिणेला काळ्या दगडाची छत्री आहे. २५ फूट चौरस आणि ३३ फूट उंच. मिर्झाराजे जयसिंगाने ती बांधली असे मानतात. हाच जयसिंग १६६५ साली पुरंदरच्या तहाला शिवरायांसमोर होता, आणि १६६७ साली बऱ्हाणपुरास वारला. खांबांवरचे काम नाजूक आहे. दुपारी सावली चांगली पडते. जेवण आम्ही तिथल्याच झाडाखाली केले, आणि कागद-पिशव्या पोरांकडून उचलून घेतल्या.

इथवरचे कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. आम्हाला खरे पाहायचे होते ते गाव. कारण हे गाव पूर्वी कारागिरांचे होते. इथे सतरंज्या विणल्या जात, पागोटी विणली जात, हातकागद होत असे. जुन्या चिंध्या आणि तरटे चुन्याच्या पाण्यात कुजवायची, कुटायची, लगदा करायचा, चाळणीवर ताव उचलायचा, वाळल्यावर खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. हातकागदाची रीत साधारण अशी. गावात नक्शबंदी पंथाची जुनी खानकाह आहे आणि तिथल्या हस्तलिखितांची कीर्ती आहे. ज्या गावात वाचणारे होते, त्याच गावात कागद करणारेही होते. पण वाचणाऱ्यांची नावे राहिली, घोटणाऱ्यांची राहिली नाहीत.

एका गल्लीत एक म्हातारी भेटल्या. माग कुठे होता विचारले तर त्यांनी घरातल्या फरशीकडे बोट दाखवले. खड्डामाग होता, सासऱ्याच्या वेळचा. मग खड्डा बुजवला, वर फरशी टाकली. तिथे आता टीव्हीचे टेबल आहे. आमच्याबरोबरच्या एका मुलीने विचारले, "आजी, बुजवला कशाला?" त्या म्हणाल्या, "बाई, त्यातून भाकर निघेना मंग."

का निघेना, हे मुलांना सांगायलाच हवे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस आठवला. रेल्वे आली, १८६७ साली ती नागपूरला पोचली. ती बाळापूरला आलीच नाही, उत्तरेला पारसवरून गेली. १८७० साली खामगावला फाटा झाला आणि कापसाचा बाजार तिकडे भरभराटला. इंग्रजांचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी हिशेब उघडच मांडला होता. रेल्वेने विलायती कापड स्वस्त येईल, इथले विणकर माग सोडतील आणि कापसाच्या शेतात मजुरीला येतील. तसेच झाले. कोष्टी, साळी, मोमीन यांच्याबरोबर आपलेही लोक त्यात होते. महार हे जाडेभरडे कापड विणणारे, हे रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथातही नोंदले आहे. 'गावकीची कामे करणारे' एवढीच आपली ओळख सांगणाऱ्याला हे दाखवावे. आपल्या हाताला हुन्नर होता. तो गेल्यावर कितीक जण नागपूरच्या गिरण्यांत शिरले.

ज्या लँकेशायरच्या कापडाने हे माग बसवले, त्या लँकेशायरच्या गिरण्याही पुढे बंद पडल्या. बर्नली गावची क्वीन स्ट्रीट मिल १९८२ साली थांबली. पण तिथल्या लोकांनी ती मोडीत काढली नाही. वाफेच्या एंजिनावरचे माग जपून संग्रहालय केले. शाळेची मुले तिथे जाऊन आजोबा-पणजोबांचे काम पाहतात. आमच्याकडे किल्ला आणि छत्री यांना सरकारी संरक्षण आहे, ते असलेच पाहिजे. पण विणकराच्या गल्लीत एकही पाटी आम्हाला दिसली नाही. किल्ल्यातल्या एखाद्या खोलीत एक खड्डामाग, एक चाती, एक जुनी सतरंजी आणि कागद घोटण्याचा दगड ठेवायला किती खर्च येईल? आम्ही हिशेबाचेच लोक. बेरीज करून पाहिली, फार येत नाही. तसा अर्ज करायचे ठरले आहे. ज्यांच्या घरी धोटा, फणी, तासर काही पडले असेल त्यांनी भंगारात देऊ नये, आणि विणणाऱ्याचे नाव चिठ्ठीवर लिहून त्याला बांधून ठेवावे.

वेळ उरला तर पारसला जावे. तिथल्या वीज केंद्राचे प्रत्येकी २५० मेगावॅटचे दोन संच २००८ आणि २०१० साली सुरू झाले, त्याआधीचे जुने संच आता बंद आहेत. दुसरी वाट वाडेगाववरून पातूरची. वाडेगावला लिंबाचा मोठा बाजार, आणि पातूरला डोंगरात कोरलेली लेणी. दोन्ही एका दिवसात करू नयेत, मुले थकतात. डिसेंबर-जानेवारी बरा, एप्रिलनंतर मुळीच नाही. पाणी घरूनच न्यावे, आणि परतीच्या एस.टी.ची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्यावी.