बुळकांडी आणि खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गुरांच्या लशीवर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण माझे आजोळ मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातले. तेथे आजोबा अजून 'बुळकांडीच्या साला'विषयी सांगतात. त्या साली गोठा रिकामा झाला, पेरणीला बैल उरला नाही. कन्नडमध्ये याच रोगाला 'दोड्ड रोग', म्हणजे मोठा रोग, म्हणत. नाव किती खरे!

आपल्या देशात या रोगाचे संशोधन सुरू झाले ते पुण्यात. १८८९ साली तेथे सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली. साथीचे जंतू हाताळायचे तर वस्तीपासून दूर जागा हवी. म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत त्यांनी रोगाने मेलेल्या गुरांचे पित्त टोचून निरोगी गुरे वाचवण्याचा प्रयोग केला होता. पुढे १९२०च्या दशकात मुक्तेश्वरला एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, असा अनेकदा नेला. त्यामुळे तो देशी गाई-बैलांना सौम्य झाला आणि स्वस्त लस हाती आली. १९५४ मध्ये देशव्यापी मोहीम सुरू झाली. १९९५ नंतर भारतात बुळकांडी दिसली नाही, आणि २०११ मध्ये सारे जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग!

आता माझ्या विषयाकडे येतो. मेलेला बैल खतावणीत तोट्याच्या बाजूला दिसतो. लशीमुळे जो मेलाच नाही, त्याची नोंद कोणत्या खात्यात करायची? ती कुठेच होत नाही. म्हणूनच लाळ-खुरकुताची लस टोचायला माणूस येतो, तेव्हा मामा गाय रानात धाडतो. लस फुकट आहे. पण टोचल्यावर गाय दोन दिवस दूध कमी देते. मी त्याला कागदावर मांडून दाखवले, की एका बाजूला दोन दिवसांचे दूध, दुसऱ्या बाजूला अख्खी गाय. मामा म्हणाला, "हिशेब बरोबर आहे रे, पण त्या दोन दिवसांचं दूध कोण भरून देईल?"

त्याचे म्हणणे मला हसण्यावारी नेता आले नाही. टोचलेल्या गाईचा लाभ शेजारच्या गोठ्यालाही होतो. तूट मात्र एकट्या मामाची. ती थोडीशी तूट गावाच्या दूध संस्थेने सर्वांत वाटून घ्यावी, असे मला वाटते. आजोबांना हे पटले आहे. मामाचे मन वळवायचे काम त्यांनी दिवाळीच्या सुट्टीसाठी माझ्याकडे सोपवले आहे.