जिनीव्हा सरोवराकाठी एक दिवस

जिनीव्हा म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड उभे राहील. परंतु आम्ही पाहिले ते जिनीव्हा निराळे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन संस्थानात, शिकागोपासून सुमारे ऐंशी मैलांवर ‘लेक जिनीव्हा’ नावाचे टुमदार गाव एका सरोवराकाठी वसले आहे. आमचे चिरंजीव शिकागोनजीक संगणकाच्या कामावर आहेत. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता एका शनिवारी त्यांनी आम्हांस तेथे नेले.

आम्हांस ओढ होती ती त्याच सरोवराकाठच्या यर्क्स वेधशाळेची. चाळीस इंच व्यासाचे भिंग असलेली तेथील दुर्बीण १८९७ पासून उभी आहे, आणि आपले चंद्रशेखर १९३७ साली तेथेच अध्यापक म्हणून रुजू झाले. ती दुर्बीण आम्ही मान दुखेपर्यंत पाहिली. मुलाची ओढ मात्र दुसरीच होती, आणि तिजविषयी आमच्या मनात जुनी अढी होती.

मुलास एका खेळाचा छंद आहे. चारपाच मित्र मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो: पुढे दरी आहे, पूल कुजका आहे. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून आपण काय करणार ते बोलतात, आणि ते साधले की फसले हे फासे ठरवितात. पैसा कोणी लावीत नाही. तथापि फासे हा शब्द ऐकताच आमच्यातील शास्त्री जागा झाला. त्यातून मुलाची नोकरी अशी की, त्याची पाळी असेल त्या आठवड्यात यंत्रे बिघडली म्हणजे रात्री दोन वाजताही फोन वाजावा. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यास सविस्तर पत्र लिहून धर्मराज आणि नल यांची फाशांपायी काय गत झाली ते कळविले. मुलाने वाद न घालता खेळ सोडला. आम्ही समाधान पावलो.

त्या आठ महिन्यांची हकीकत सूनबाईंनी यंदा आमच्या कुटुंबास सांगितली. पाळी नसतानाही तो फोन हातात धरून खुर्चीत बसून राही. जेवताना बोलेना, हसेना. शेवटी सूनबाईंनीच त्याच्या मित्रांना फोन करून पुन्हा बोलाविले. आम्हांस हे कोणीच कळविले नव्हते.

असो. गावातील सेंटर स्ट्रीटवरचे एक साधे घर मुलाने रस्त्यावरूनच दाखविले. येथे गॅरी गायगॅक्स राहत असत. शिकागोतील एका विमा कंपनीत ते नोकरीस होते. घरी तळघरातील वाळूच्या मेजावर चिमुकली सैन्ये मांडून मित्रांसह लढाया खेळत. १९६८ साली याच गावच्या हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये त्यांनी अशा खेळाडूंचा मेळावा भरविला. पुढे मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांची गाठ पडली, आणि दोघांनी मिळून १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिल्या प्रती अवघ्या एक हजार. पेट्या भरण्याचे काम घरच्या घरी.

आणखी एक गोष्ट मुलाने आपण होऊन सांगितली. १९७० साली गायगॅक्स यांची विमा कंपनीतील नोकरी गेली, आणि पाच मुलांचा हा बाप घरी जोडे दुरुस्त करू लागला. हे ऐकून आम्ही त्याच्याकडे पाहिले.

“म्हणूनच तर नियम केलेत, नाना,” तो म्हणाला. बैठक पंधरा दिवसांनी एकदा, शनिवारी, चार तासांची. पाळीच्या आठवड्यात बैठक नाही. सूत्रधारपण आळीपाळीने, कारण त्याची तयारी जड असते. तयारीही वहीच्या एका पानापुरती. कोणास कामावर जावे लागले तर त्याचे पात्र घोड्यांची राखण करीत बसले असे धरावयाचे. मग हळूच म्हणाला, “आणि नलाने पुढे ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकून राज्य परत मिळविले, ते तुमच्या पत्रात नव्हते.”

ती कथा त्यास आम्हीच शिकविली होती. उत्तर सुचले नाही.

रात्री बैठक त्याच्याच घरी होती. एक तमिळ गृहस्थ, दोघे अमेरिकन आणि आमचा मुलगा. फासे पाहून मात्र आम्ही हरखलो. चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे. भूमितीतील पाचही सम घन मेजावर लोळत होते! (दहा पृष्ठांचाही एक असतो, पण तो त्या कुळातला नव्हे.) आरंभी हे फासे शाळांना गणिताची साधने पुरविणाऱ्या कंपनीकडून आणवीत, हे कळल्यावर तर आमचा राग निम्मा उतरला.

नऊच्या सुमारास मुलाचा फोन वाजला. पाळी त्याची नव्हती, पण सहकाऱ्यास काही अडले होते. तो आतल्या खोलीत गेला. त्याचे पात्र नेमके कुजक्या पुलावर उभे. घोडे पलीकडच्या तीरावर. तमिळ गृहस्थांनी वीस पृष्ठांचा फासा आमच्यापुढे ठेवला.

“अंकल, तुम्हीच टाका.”

आम्ही कुटुंबाकडे पाहिले, फासा उचलला आणि टाकला. तीन पडले. चौघेही एकदम ओरडलो, तेवढ्यात मुलगा बाहेर येऊन विचारू लागला, “काय झाले, नाना? मी मेलो काय?”