फुलोऱ्याचे दिवस

पराग हा शब्द मला शाळेच्या पुस्तकात भेटला. तोवर आमच्या घरी त्याला फुलोराच म्हणत. बाजरीचं कणीस पोटरीतून बाहेर आलं म्हणजे बाजरी निसवली, आणि निसवली की पाच-सहा दिवसांत फुलोऱ्यात आली. आमच्या पारनेरकडच्या माळावर खरिपाला बाजरी हेच पीक. तासातासात थोडी मटकी, थोडी तूर, एवढंच. त्यामुळं फुलोरा म्हटलं की तो बाजरीचाच.

फुलोऱ्यातलं कणीस कधी जवळून बघितलंय का? आधी त्याच्यावर पांढरट, मऊ लव येते. ते मादीचं अंग. पुढं दोन-तीन दिवसांनी पिवळे, कधी जांभळट पुंकेसर बाहेर पडून लोंबायला लागतात आणि त्यांतून भुकटी सुटते. नर-मादी एकाच कणसावर, पण मादी आधी तयार आणि नर मागून. म्हणजे बहुतेक कणसांना दुसऱ्याच कणसाची भुकटी लागते, आणि ही सोयरीक जुळवतो वारा. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, हे कुठं वाचलेलं नव्हतं. पण आठ-दहा ताटं कुठं कडेला एकटीच उगवली तर ते म्हणायचे, "हिचं कणीस भरायचं न्हाई. बाजरीला शेजार लागतो." आणि खरंच ती कणसं बोळक्या तोंडासारखी निघायची.

पूर्वा नक्षत्राचा पाऊस आमच्याकडं लागतोच. त्याच्याशिवाय दाणा पोसत नाही. पण तोच पाऊस ऐन फुलोऱ्यात सलग चार दिवस लागला, की दादा ओसरीवर नुसते बसून राहायचे. फुलोरा धुऊन जायचा. नुसता दाणा कमी झाला असता तर एक वेळ चाललं असतं. पण अशा साली कणसावर चिकटा यायचा. मधासारखे गुलाबी थेंब, हाताला चिकट. पुढं त्याच जागी दाण्याऐवजी काळपट, कठीण गाठी तयार व्हायच्या. शेतकी खात्याचे लोक त्याला अरगट म्हणत. तसली बाजरी खाण्यात आली की ओकाऱ्या होतात, भोवळ येते, माणूस पेंगुळतो. म्हणून आजी पेरणीच्या आधी घमेल्यात मिठाचं पाणी करायची. दहा लिटर पाण्याला दोन किलो मीठ. त्यात बी टाकलं की गाठी आणि पोचट दाणे वर तरंगायचे. ते काढून जाळायचे, आणि खाली बसलेलं बी साध्या पाण्यानं धुऊन वाळवायचं.

यामागची खरी मौज मला फार उशिरा कळली. चिकट्याची बुरशी दाण्यात शिरते ती त्या मऊ लवेतूनच. पण लवेवर एकदा परागकण पडला आणि त्याचं काम झालं, की काही तासांतच ती लव आवळते, सुकते आणि बुरशीची वाट बंद होते. म्हणजे ती पिवळी भुकटी दाणा तर भरतेच, शिवाय विष आत यायच्या आधी दार लावून घेते. पावसानं भुकटी पोचली नाही, की दार उघडंच.

आता आईचं सांगतो. त्याच भुकटीनं आईचा श्वास कोंडायचा.

गौरी बसल्या की तिला शिंका सुरू व्हायच्या. डोळे लाल, नाक चोंदलेलं. मग रात्री छातीत शीळ वाजायची. ती भिंतीला टेकून, उशी पोटाशी धरून बसायची. बोलणं बंद, नुसते हात हलायचे. आम्ही पोरं गोधडीतून ती शीळ ऐकत पडायचो. दसऱ्याच्या आसपास सगळं आपोआप बरं. घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. आजी म्हणे ओलीचा गारठा, चुलती म्हणे गौरीच्या सोवळ्यात काहीतरी चुकलं, गावातला कंपाउंडर म्हणे अशक्तपणा. इंजेक्शन व्हायचं, दोन दिवस बरं वाटायचं, आणि आई पुन्हा खुरपं घेऊन बाजरीत.

ढग गडगडून मोठे थेंब पडायला लागले की तिला सगळ्यात जास्त व्हायचं. हे तिनंच हेरलं होतं. "पानी पडल्यावर धूळ बसती, मंग मलाच का व्हतंय?" असं ती विचारायची, आणि कुणाकडं उत्तर नसायचं. आज ते आहे. परागकण भिजला की फुगून फुटतो, त्याचे अतिबारीक तुकडे होतात आणि अख्खा कण जिथं नाकातच अडकला असता, तिथं हे तुकडे थेट छातीत खोल जातात. २०१६च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नला गवताच्या परागाचे दिवस चालू असताना असंच वादळ आलं. एका संध्याकाळीत हजारो माणसांचा दम कोंडला, काही दगावलीही. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "बघ. मी सांगत व्हते."

पुण्यातल्या एका डॉक्टरांनी तिला पहिला नीट प्रश्न विचारला: कोणत्या महिन्यात होतं? मग हातावर ओळीनं थेंब ठेवून सुईनं हलकं टोचलं. पंधरा-वीस मिनिटांत दोन ठिकाणी गांध्या उठल्या. एक गवतवर्गाच्या परागाची, आणि बाजरी शेवटी गवतच. दुसरी गाजर गवताची. परागातलं प्रथिन शरीराला शत्रू वाटतं आणि ते नको तेवढी लढाई करतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पंप दिला. फुलोऱ्यात शेतात जाऊ नका म्हणाले.

दादांनी घरी येऊन जाहीर केलं की पुढल्या साली बाजरी बंद. आई पंप कनवटीला लावून म्हणाली, "आन भाकरी कशाची?" तरी एक वर्ष त्यांनी सगळ्या रानात सोयाबीन केलं. आईला दम लागायचा तो लागलाच. शेजारची बाजरी फुलोऱ्यात होती आणि वाऱ्याला बांध नसतो. त्याच्या पुढल्या साली दादांनी गुपचूप पाभर काढली. ठरलं एवढंच, की त्या तीन आठवड्यांत खुरपायला आई नाही, आम्ही जायचं.

गाजर गवताचं मात्र मला आजही क्षमा करावंसं वाटत नाही. बाजरीची भुकटी निदान काही देते. हे पाहुणं अमेरिका खंडातलं. आपल्याकडं १९५५च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं; आयात गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात, आणि लोकांनी त्याला काँग्रेस गवत हेही नाव देऊन टाकलं. एका झाडाला हजारो बिया. खुरपणाऱ्या बायांच्या मनगटावर, मानेवर, पापण्यांवर खाजरं चट्ट येतं, आणि काहींची कातडी पुढं सुकल्या सालीसारखी जाड होते. बंगळूरच्या संशोधकांनी १९८०च्या सुमारास आणखी एक दाखवून दिलं: या गवताचा पराग टोमॅटो, घेवडा अशा पिकांच्या फुलांवर जाऊन पडला, की तिथं फळधारणाच कमी होते. दुसऱ्याच्या लग्नात जाऊन अक्षता सांडून ठेवणारा सोयरा असतो ना, तसला हा.

आईचा नियम साधा होता. पांढरं फूल दिसायच्या आत, पावसानं जमीन ओली असताना, मुळासकट उपटायचं. कापायचं नाही, कापलं की पुन्हा फुटतं. हाताला जुने पायमोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी. बायांना ती कामाच्या आधी हे बजावायची आणि पिशव्या स्वतः मोजून द्यायची.

दादा गेले. आई आता बहिणीकडं पुण्यात असते. गौरीच्या दिवसांत तिचा रोज फोन येतो. निसवली का? फुलोऱ्यात पाऊस झाला का? परवा मी म्हटलं, नाही झाला, ऊन पडलंय, वारा आहे. "मंग दाना भरंल," ती म्हणाली. थोडी थांबली. पंप ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "हितं सोसायटीच्या मागं मोकळा प्लाट हाय. गाजर गवत गुडघ्याएवढं झालंय, आजून कळीच हाय. रविवारी येशील तवा चार-पाच जुने पायमोजे घेऊन ये."