नावाच्या शेपटीचा ‘या’

महालात, इतवारीत, सक्करदऱ्यात, नागपूरच्या कुठल्याही गल्लीत हा भेटतो. हजेरीपटावर त्याला जागा नाही, आधार कार्डावर नाही, लग्नपत्रिकेत तर नाहीच. पण पोरं मैदानावर उतरली की गणेशचा गण्या, सुरेशचा सुऱ्या करून हा मोकळा.

हात मोठा साफ आहे त्याचा. प्रकाश तावडीत सापडला की आधी जोडाक्षरातला ‘र’ काढतो, मागचा ‘श’ उडवतो, ‘का’चा काना उतरवतो आणि उरलेल्या ‘क’ला स्वतः जाऊन चिकटतो. झाला पक्या! आता हाक थेट मैदानाच्या पल्याड पोचते. चंद्रकांत असो की चंद्रशेखर, दोघांचाही चंद्या. जोडीला नागपुरी ‘बे’ आला की मग विचारूच नका. “काय बे पक्या, कुठी जाऊन राहिला?” बर्डीच्या गर्दीत मागून एवढं ऐकू आलं की साठीतला बडा साहेबही गर्रकन वळतो.

दिसायला रांगडा, पण हक्काचा. जनाबाईनं खुद्द विठ्ठलाला ‘विठ्या’ केलं. नागपूरकर भोसल्यांच्या वाड्यातही त्याला मज्जाव नव्हता. दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी हे मन्याबापू. मागं ‘बापू’ लावून अदब सांभाळली, इतकंच. १८०३ साली अडगावच्या लढाईत भोसल्यांची फौज त्यांच्याच हाताखाली होती. इंग्रजांच्या कागदांत मात्र ते ‘मनू बापू’ झाले.

‘या’चा एक चुलतभाऊ पोलंडात आहे, ‘का’. तिथली कातार्झिना लाडानं ‘काशा’ होते, माया दाटून आली की ‘काशेंका’. ‘काश्का’ म्हटलं की मात्र आवाजाला धार येते. मैत्रिणीच्या तोंडी ती सलगी, परक्याच्या तोंडी उद्धटपणा. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. संध्याकाळी तिथल्या आयाही पोरांना अशाच हाका मारत असणार.

तोंड बदललं की आपल्या ‘या’चंही तसंच होतं, आणि इथं नुसत्या उद्धटपणावर भागलं नाही. गावगाड्यानं त्याचा चाबूक केला. नातवंडं झालेल्या दलित म्हाताऱ्याला वाड्यावरचं शेंबडं पोर ‘धोंड्या’ म्हणणार आणि त्यानं त्या पोराला ‘मालक’ म्हणायचं. उलट हाक मारायची सोय नव्हती. ज्याला उलट ‘या’ लावता येत नाही, त्याला तो लावणं ही सलगी नव्हे, जुलूम आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरातच बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि पुढं घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, गौतम आले. ही नावं चारचौघांत पूर्ण उच्चारली जावीत, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. गल्लीतली पोरं आपसांत राहुलचा ‘राहुल्या’ करतात ते वेगळं. तिथं दोन्हीकडून हाक जाते.

बायकांच्या वाट्याला हा ‘या’ येत नाही. सुमनची सुमी होते आणि हाकेत ‘सुमे’. सासरी ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, तरी माहेरच्या अंगणात ती सुमीच. कितीतरी जणींचं पहिलं नाव तेवढ्यापुरतंच जिवंत राहिलं.

आता नावंच आखूड आली आहेत. आरव, विहान, अथर्व. कापायला फारसं काही उरत नाही, म्हणून ‘या’ची सद्दी संपली असं कुणाला वाटेल. पण परवाच फ्लॅटच्या पार्किंगमध्ये टेनिस बॉलचं क्रिकेट रंगलं होतं आणि उंच उडालेल्या झेलाखाली उभ्या अथर्वला सगळी टीम जीव तोडून ओरडून सांगत होती, “अथ्या, सोडू नको बे!”