मंजूर भार तीन किलोवॉट

२०२४च्या नोव्हेंबरात तेलंगण सरकारने विजेवरच्या गाड्यांचा रस्ता कर आणि नोंदणी शुल्क माफ केलं. त्याच हिवाळ्यात मी गाडी घेतली. तिच्या बॅटरीची, हमीची, सर्व्हिसिंगची चौकशी मी कितीतरी महिने करत होतो. चार्जर मात्र भिंतीवर टांगायची एक वस्तू, असंच धरून चाललो होतो.

त्याला परवाना लागत नाही हे मी वाचलं होतं, आणि ते खरंही होतं. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, त्याला वीज कायद्याखालचा परवाना नको, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्येच स्पष्ट केलं होतं. जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी घरच्या चालू जोडणीवर आपली गाडी चार्ज करायला मोकळीक दिली. माझं वाचन तिथेच थांबलं. घराचा मंजूर भार दर महिन्याच्या बिलावर छापून येत होता: ३ किलोवॉट. चार्जर होता ७.४ किलोवॉटचा. हे दोन आकडे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेच नाहीत.

आमची इमारत काचीगुड्यातली, जुनी. इलेक्ट्रिशियनने माझ्या मीटरवरून पार्किंगपर्यंत वायर ओढली. वीज कार्यालयात अर्ज नाही, सोसायटीला पत्र नाही. रात्री एसी आणि चार्जर एकत्र चालले की मीटरजवळचा एमसीबी पडायचा. मी इलेक्ट्रिशियनला पुन्हा बोलावलं. "टेन्शन नक्को सर, बडा डाल देतूं," तो म्हणाला. चालेल ना, एवढंच मी विचारलं. नोकरीत असताना एक सही कमी असली तरी लोकांच्या फायली परत पाठवणारा मी, त्या दिवशी कागदाचं नावही काढलं नाही. एमसीबी पडत होता तो वायर वाचवण्यासाठी. मोठा बसवल्यावर तो पडायचा थांबला. वायर तापायची थांबली नाही. एवढा चार्जर ३२ अँपियर ओढतो, आणि गिझरसारखा थोडा वेळ नव्हे, तासन् तास.

मे महिन्यात एका रात्री सामाईक पॅनेलमधला न्यूट्रलचा जोड जळाला. तीन फेजच्या इमारतीत न्यूट्रल सुटला की काही घरांत दिवे मंदावतात आणि काही घरांत व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं. कुणाचा फ्रिज गेला, कुणाचा टीव्ही. वरच्या मजल्यावरच्या काकू ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर होत्या. तो जळाला. त्यांच्या मुलाने त्यांना खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं, तेव्हा खुर्चीचा एक पाय मी धरला होता. काकूंना धापेमुळे बोलता येत नव्हतं.

काकू रुग्णालयातून परत आल्या. फ्रिज-टीव्हीचे पैसे मी भरले. कॉन्सन्ट्रेटरचे त्यांच्या मुलाने घेतले नाहीत. "आधी विचारलं असतंत तर," एवढंच तो म्हणाला. आता जिन्यात भेटला की नमस्कार करतो, थांबत नाही.

त्यानंतर मी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम वाचले. चार्जिंग पॉइंटला स्वतंत्र सर्किट हवं, ३० मिलिअँपियरच्या आत गळती पकडणारं संरक्षण हवं, सॉकेट जमिनीपासून निदान ८०० मिलिमीटर उंच हवा, एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. माझ्याकडे गळतीचं संरक्षण नव्हतं. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचतं आणि मुलं त्यातच खेळतात. ती न घडलेली गोष्ट मला घडलेल्या गोष्टीइतकीच छळते.

आता चार्जरला वेगळी जोडणी आहे. ग्राहक हक्कांच्या नियमांत फेब्रुवारी २०२४मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाडीसाठी स्वतंत्र मीटर मागता येतो. तेलंगणात त्याला दराची वेगळी वर्गवारीही आहे. अर्ज केला, वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घेतलं, वाढीव भाराचे पैसे भरले. सोसायटीच्या संमतीसाठी मात्र मी स्वतः दारोदार गेलो. प्रत्येक दारात आधी त्या रात्रीबद्दल बोलावं लागलं, आणि ते योग्यच होतं.

तळमजल्यावरचा एक तरुण पुढच्या महिन्यात गाडी घेतोय. त्याचा मंजूर भारही ३ किलोवॉटच आहे. सामाईक केबल किती गाड्या पेलेल याची तपासणी करून घेतल्याशिवाय कुणाचाही चार्जर लागू नये, असा ठराव मी सोसायटीच्या बैठकीत मांडला आहे. खर्च सगळ्यांत वाटायचा की फक्त गाडीवाल्यांनी उचलायचा, यावर अजून वाद चालू आहे. माझं मत गाडीवाल्यांनी उचलावा असं आहे.