फादर नसतानाचं चर्च

आजीची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नव्हती. बाप्तिस्म्याची तेवढी होती. मिशनच्या नोंदवहीत, लॅटिनमध्ये. फादरांनी ती वाचून वय काढून दिलं, तेव्हा ती नव्वदीच्या पुढे गेलेली. "लईच झालं की मग," म्हणाली आणि पुढ्यातली तूर निवडायला लागली.

आमचं वडीगोद्री हे धुळे-सोलापूर रस्त्यावरचं, अंबड तालुक्यातलं गाव. आता शिवारात जायकवाडीच्या कालव्याचं पाणी आणि ऊस दिसतो. आजी नांदायला आली तेव्हा निजामाचं राज्य होतं, शेती पावसावर होती, आणि कॅथलिक घरं अशी विखुरलेली की एका फादरला ती सगळी फिरायला महिना पुरत नसे. धर्मप्रांताचा कारभार दूर विदर्भातून चाले. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो १९७७ साली, अमरावतीतून वेगळा निघून.

मराठवाड्यातल्या मिशनचा इतिहास वाचायला घेतला की फादरांची नावं भेटतात. त्यांचे कष्ट मोठेच होते. पण फादर यायचे, मिस्सा करायचे आणि पुढच्या गावाला जायचे. मधल्या सगळ्या दिवसांत चर्च कोणी चालवलं? माझं ठाम मत आहे की ते आजीसारख्या बायकांनी चालवलं. संध्याकाळची जपमाळ, राखेच्या बुधवारपासूनचे उपास, कोणाकडे दुखणं, कोणाकडे भांडण, कुठलं पोर शाळेतून काढलं, हे सगळं तिच्या ध्यानात असे. फादर आले की आधी तिच्या ओसरीवर टेकत, ते उगाच नाही.

ती सुईण होती. जीव धोक्यात असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, बाईसुद्धा, अशी कॅथलिक शिकवण आहे. पाणी हवं, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाचे शब्द हवेत. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, निळं पडलेलं लेकरू आजी मांडीवर पालथं घेई आणि पाठ चोळत राही. मग उताणं करून तांब्यातलं कोमट पाणी ओंजळीने तीनदा कपाळावर सोडी, नाव ठेवी, आणि लगेच पुन्हा पाठ चोळायला लागे. तिच्या लेखी ही दोन कामं नव्हतीच. लेकरू जगलं तर उरलेला विधी फादर आल्यावर होई. मराठ्यांच्या, धनगरांच्या, मुसलमानांच्या घरी ती फक्त सुईण असे. तिथे देवाचं नाव त्या घरच्यांनी आपापलं घ्यायचं.

१९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, रेशनवर लाल मिलो आली. मिशनमधून दूध पावडर येई. ती कालवून वाटायचं काम आजीकडे. गुठळी राहू नये म्हणून आधी थोड्या गार पाण्यात हाताने फेसायची, मग वरून गरम पाणी. रांगेतल्या बाईला ती जात-धर्म विचारत नसे. अंगावर पिणारं लेकरू आहे का, एवढंच विचारी.

जात मात्र तिला सतत विचारली गेली. आमचं घराणं गावाने वेशीबाहेर ठेवलेल्यांपैकी. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या राहिल्या. १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. धर्म बदलला म्हणून सरकारच्या लेखी आमची जात गेली, पण पाणवठ्यावर ती होती तशीच होती. वडिलांच्या शिक्षणाच्या वेळी हे दोन्ही एकदमच अंगावर आलं. आजी या अन्यायाला अन्यायच म्हणायची. देवाची इच्छा म्हणून तिने तो कधी गिळला नाही. तिच्या श्रद्धेतलं हे मला सर्वांत मोलाचं वाटतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३मध्ये लोकभाषेतल्या उपासनेला वाट करून दिली आणि पुढे मिस्सा मराठीत आली. शिकलेल्यांना तो मोठा पालट वाटला. आजी जन्मभर मराठीतच प्रार्थना करत होती, लेकरांना मराठीतच शिकवत होती. चर्चला तिच्या ओसरीपर्यंत यायला उशीर झाला, इतकंच.

सप्टेंबरात श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्रा भरते. आजी भाकरी बांधून एसटीने निघाली की तिची शेळी शेजारणी सांभाळत. त्या अंबडच्या मत्स्योदरीला गेल्या की त्यांची पोरं आजीकडे. याला सर्वधर्मसमभाव वगैरे नाव कोणी दिलं नाही. २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो झाल्याची बातमी मी तिला वाचून दाखवली, तेव्हा तिने विचारलं, "त्येंची माय हाय का गं बघायला?"

लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली, म्हणून एका ख्रिस्ती बाईचं आयुष्य मराठीला आतून कळलं. त्या प्रॉटेस्टंट, नगरकडच्या, आणि लिहित्या. गोदावरीच्या या काठच्या कॅथलिक म्हाताऱ्यांचं असं काही मागे उरलेलं मला भेटलं नाही. आजीला सही येत नव्हती. अंगठ्यावर सगळं आयुष्य निघालं.

म्हणून सध्या मी धाकट्या काकूसमोर वही घेऊन बसते. ऑक्टोबरातली घरोघरची जपमाळ आता काकू चालवते, आणि ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना डबाही तीच पोचवते. आजीच्या हातून बाप्तिस्मा झालेल्यांची नावं तिच्याकडून उतरवून घेते आहे. जगलेले सापडतात, कोणी पुण्यात, कोणी जालन्याच्या स्टील कारखान्यात. पण पहाटेच्या आत गेलेल्या लेकरांनाही आजीने नावं दिली होती आणि काकूला ती पाठ आहेत. ती आधी लिहून घेते आहे.